कोळशात मिटलेले अरण्य

लक्ष्मीपूजनाला बसल्यावर गुरुजी संकल्प सांगतात, तेव्हा पूजेच्या आधी काळाचा आणि स्थळाचा उच्चार होतो. कल्प कोणता, मन्वंतर कोणते, युग कोणते, आणि आपण गोदावरीच्या कोणत्या तीरावर बसलो आहोत. शुभकार्य हाती घेण्यापूर्वी काळाच्या अफाट पसाऱ्यात आपण कुठे आहोत हे माणसाने मोठ्याने सांगावे, ही रीत आम्हाला मोलाची वाटते. यंदाच्या अंकाचा विषय ठरवताना आम्ही तीच पाळली. विषय आहे पृथ्वीचा काळ, खडकांच्या थरांत नोंदला गेलेला.

भूविज्ञानाच्या हिशेबाने आपला आजचा पत्ता असा आहे : नवजीव महाकल्प, क्वाटर्नरी कल्प, होलोसीन युग आणि त्यातला ४,२०० वर्षांपूर्वी सुरू झालेला मेघालयन काळ. या शेवटच्या काळाच्या प्रारंभाची खूण मेघालयातल्या मावम्लूह गुहेत, ठिबकत्या पाण्याने घडवलेल्या चुन्याच्या खांबात सापडली आणि २०१८ साली तिला जगभरच्या भूवैज्ञानिकांची मान्यता मिळाली. या पत्त्याच्या मागे ४५४ कोटी वर्षे उभी आहेत. क्लेअर पॅटरसन यांनी अशनीतल्या शिशाच्या समस्थानिकांवरून १९५६ साली काढलेले पृथ्वीचे वय आजही जवळपास तसेच मानले जाते. त्यातली निदान ३५० कोटी वर्षे इथे जीव आहे. पण त्याचा बहुतेक काळ सूक्ष्मजीवांचाच होता. कवचे, पाय आणि डोळे असलेल्या प्राण्यांची गर्दी खडकांत दिसू लागते ती सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी, कँब्रियन कल्पाच्या आरंभापासून.

या ५४ कोटी वर्षांचे तीन महाकल्प पाडले आहेत : पुराजीव, मध्यजीव आणि नवजीव. जॉन फिलिप्स या इंग्लिश भूवैज्ञानिकाने १८४१ साली ही विभागणी केली, तेव्हा खडकांची वये मोजण्याचे साधन कोणाच्याच हाती नव्हते. त्याने पाहिले ते फक्त जीवाश्म. एका थरापर्यंत जे जीव विपुल सापडतात, ते त्याच्या वर दिसतच नाहीत, हे त्याच्या लक्षात आले. म्हणजे पृथ्वीच्या कालपटावरच्या सर्वांत ठळक दोन रेघा माणसाने आपल्या सोयीसाठी आखलेल्या नाहीत. तिथे खरोखरच एक जग संपले आणि दुसरे सुरू झाले. अशी पाच महाविलोपने आज मानली जातात : ऑर्डोव्हिसियनच्या अखेरचे, डेव्होनियनच्या उत्तरार्धातले, पर्मियनच्या अखेरचे, ट्रायासिकच्या अखेरचे आणि क्रिटेशसच्या अखेरचे. यांपैकी दोहोंशी मराठी मुलखाचा संबंध आहे. तो पाहायचा तर चंद्रपूरला जावे लागते.

वर्धा खोऱ्यातल्या खाणींमधून निघणारा कोळसा पर्मियन कल्पातला आहे. तेव्हा भारत दक्षिण गोलार्धात अंटार्क्टिका, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाला जोडलेला होता. या महाखंडाला भूवैज्ञानिकांनी गोंडांच्या भूमीवरून गोंडवन हे नाव दिले, आणि चंद्रपूर ही तर गोंड राजांची राजधानी. त्या थंड, दलदलीच्या प्रदेशात ग्लॉसोप्टेरिस नावाच्या वृक्षांची अरण्ये होती. त्यांची जिभेच्या आकाराची पाने आपल्या कोळशासोबतच्या खडकांत उमटलेली सापडतात. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ साली मरण पावलेल्या कॅप्टन स्कॉट यांच्या तंबूत जे दगड मिळाले, त्यांतही हीच पाने होती. मरणाच्या दारातही त्या माणसांनी ते ओझे टाकले नव्हते.

ही अरण्ये पर्मियनच्या अखेरीस, २५.२ कोटी वर्षांपूर्वी, नाहीशी झाली. सैबेरियात जमिनीच्या भेगांमधून प्रचंड प्रमाणात लाव्हा वाहू लागला. वर येणारा शिलारस वाटेतल्या कोळशाच्या थरांत घुसला आणि तो कोळसा पेटला. लिंडा एल्किन्स-टँटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली सैबेरियातल्या ज्वालामुखीय खडकांत जळक्या कोळशाचे कण दाखवून याचा पुरावा दिला. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला, समुद्र तापले, त्यांतला प्राणवायू घटला, पाणी आम्लधर्मी झाले. सागरी प्रजातींपैकी ८० टक्क्यांहून अधिक नष्ट झाल्या. चीनमधल्या मेइशान येथील थरांच्या वयमापनानुसार हा संहार सुमारे ६० हजार वर्षांत आटोपला. सावरायला मात्र जीवसृष्टीला ५० लाख ते एक कोटी वर्षे लागली. संहारानंतरच्या, ट्रायासिकच्या आरंभीच्या काळातला कोळसा जगात कुठेही सापडत नाही. कारण कोळसा व्हायला दलदलीतली घनदाट अरण्ये लागतात आणि तीच उरली नव्हती.

चंद्रपूरजवळच पुढचा अध्यायही आहे. वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याच्या शिवारात डायनोसॉरांची अश्मीभूत विष्ठा मिळते. भारतीय आणि परदेशी संशोधकांनी तिच्यात गवताचे सूक्ष्म सिलिकाकण शोधले आणि २००५ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत आजच्या भाताच्या आणि बांबूच्या नात्यातल्या वनस्पतीही होत्या. डायनोसॉरांच्या काळात गवत जवळपास नव्हतेच, हा तोवरचा समज विदर्भातल्या एका गावाने बदलला.

डायनोसॉरांच्या याच काळात दख्खनच्या भेगा उघडल्या. लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले. आजही पाच लाख चौरस किलोमीटरवर ते शिल्लक आहेत आणि महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग त्यांनीच व्यापला आहे. आपले गड ज्या कड्यांवर उभे आहेत तो कातळ, वेरूळचे कैलास लेणे ज्यातून कोरले तो पाषाण, कापूस आणि ज्वारी पिकवणारी काळी जमीन, हे सारे त्या आगीचेच देणे आहे. हे उद्रेक चालू असतानाच, क्रिटेशसच्या अखेरीस, ६.६ कोटी वर्षांपूर्वी, मेक्सिकोतल्या युकातानच्या किनाऱ्यावर एक लघुग्रह आदळला. त्याचा माग लुई आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली इटलीतल्या गुब्बिओच्या मातीत सापडलेल्या इरिडियमवरून काढला. प्रजातींपैकी सुमारे तीनचतुर्थांश संपल्या. बहुतेक शास्त्रज्ञ मुख्य घाव लघुग्रहाचा मानतात. दख्खनच्या वायूंनी त्यात किती भर घातली, यावर मात्र अजून वाद आहे.

त्यानंतर काय झाले, याचा एक साक्षीदार मुंबईत सापडला. वरळीला लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये तळ्यातल्या गाळाचा काळा खडक होता आणि त्यात लहान लहान बेडकांचे सांगाडे होते. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्यांचे शास्त्रीय वर्णन केले. इंडोबॅट्राकस या नावाने ते आज ओळखले जातात. मोठे डायनोसॉर गेल्यावरही या भूमीवर तळी होती आणि तळ्यांत बेडूक होते. जनुकांच्या अभ्यासातून २०१७ साली असे दिसले, की आजच्या बेडकांपैकी सुमारे ८८ टक्के प्रजाती ज्या तीन शाखांतल्या आहेत, त्या तिन्ही याच विनाशानंतर फोफावल्या.

हे वाचून कोणी म्हणेल, पृथ्वी प्रत्येक वेळी सावरली, तशी पुढेही सावरेल. मग चिंता कशाची? हा दिलासा आम्हाला मान्य नाही. पृथ्वी सावरते हे खरे. पण गेलेले परत येत नाही. ट्रायलोबाइट हे सागरी प्राणी परतले नाहीत, ग्लॉसोप्टेरिस परतले नाही. आणि सावरण्याचा तो काळ लाखो वर्षांचा असतो, तर आपली सारी शेती, सगळ्या भाषा आणि देव अवघ्या काही हजार वर्षांतले आहेत. एखादे रान, एखादी नदी, एखादा बेडूक आपल्या हातून गेला, तर माणसाच्या हिशेबाने तो कायमचाच गेला.

खडकांनी सांगितलेली खरी गोष्ट वेगाची आहे. तापमान आणि समुद्राची पातळी पृथ्वीवर नेहमीच बदलत आली आहे, आणि बदल संथ असला की जीव स्थलांतर करतात, जुळवून घेतात, नवी रूपे घेतात. बदल त्यांच्या पावलांपेक्षा वेगाने आला की संहार होतो. आज जगभर कोळसा, तेल आणि वायू जाळून वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पृथ्वीवरचे सगळे ज्वालामुखी मिळून त्याच्या एक टक्काही सोडत नाहीत. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे २८० भाग होते, आज ४२० च्या वर आहेत. पर्मियनच्या अखेरीस शिलारसाने जे केले, तेच आपण पर्मियनचाच कोळसा खणून करत आहोत. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. या दिवाळीत आपल्या घरांवर ज्या माळा लागतील, त्यांतल्या कित्येकींचा उजेड ग्लॉसोप्टेरिसच्या अरण्यातून आलेला असेल.

ही वीज पापाची आहे, असे आम्ही म्हणत नाही. या विजेने गावे उजळली, शेतांना पाणी मिळाले, मुलांनी अभ्यास केला. खाणीत उतरणाऱ्या कामगारांचे आणि राखेत श्वास घेणाऱ्या चंद्रपूरकरांचे ऋण साऱ्या राज्यावर आहे. म्हणूनच कोळशापासून दूर जाताना त्यांच्या रोजगाराची आणि आरोग्याची जबाबदारी राज्याने घेतली पाहिजे. पण दूर जायला हवेच, आणि ते लवकर.

अजून वेळ आहे, असे आम्ही भाबड्या आशेपोटी म्हणत नाही. महाविलोपन म्हणजे प्रजातींच्या तीनचतुर्थांशांचा नाश. आपण त्या टप्प्यापासून दूर आहोत. आजवर नोंद झालेल्या विलोपनांचे प्रमाण त्या मानाने थोडे आहे. मात्र सुमारे दहा लाख प्रजाती धोक्यात आहेत, असे जैवविविधतेवरील आंतरशासकीय मंचाने २०१९ साली सांगितले. लघुग्रहाच्या आघातातून निभावलेल्या उभयचरांपैकी जवळपास ४१ टक्के प्रजाती आज संकटात आहेत. सह्याद्रीतल्या आणि कोकणातल्या सड्यांवर पावसाळ्यात साचणारी डबकी त्यांच्यापैकी अनेकांचे घर आहे. ते सडे पडीक जमीन म्हणून खाणींना आणि बांधकामांना देऊ नयेत, ही मागणी आपल्या प्रत्येक ग्रामसभेत करता येईल. पिसदुऱ्याचे शिवार, गडचिरोलीतल्या वडधमचे जीवाश्म उद्यान आणि असे अनेक थर जपण्याची आणि तिथे शाळेतल्या मुलांना नेण्याची जबाबदारीही आपलीच.

याच जाणिवेने हा अंक सिद्ध झाला आहे. त्यात खडक वाचणाऱ्यांचे लेख आहेत, खाणीलगतच्या गावांतून आलेली वार्तापत्रे आहेत, सड्यांवरच्या पावसाळी जीवसृष्टीची चित्रे आहेत, आणि नेहमीप्रमाणे कथा आणि कविताही आहेत.

सैबेरियाच्या शिलारसाला थांबता येत नव्हते, युकातानच्या लघुग्रहाला वळता येत नव्हते. पृथ्वीच्या इतिहासात विनाशाचे जे कारण स्वतःचा हिशेब मांडू शकते आणि स्वतःला आवरू शकते, ते माणसाच्या रूपाने पहिल्यांदाच अवतरले आहे. या सामर्थ्याचा वापर आपल्या पिढीने करावा, हेच आमचे यंदाचे मागणे.

— संपादक