ट्रॅक्टरचा धूर आणि काश्तकारावरील भार

हवेची उष्णता वाढविणारा कार्बन डायऑक्साइड वायु इंजिनाच्या धुरांतच पकडून सांठवावा, अशी एक कल्पना अलीकडे वारंवार ऐकूं येते. हेतु चांगला आहे. परंतु तिचा भार कोणी वाहावा, याचा विचार अड्याळसारख्या धानाच्या मुलखांतील काश्तकारांनीं आधींच करून ठेवणें आम्हांस अवश्य वाटतें.

सायलेन्सरांतून निघणारा काळा धूर म्हणजे हा वायु नव्हे. ती काजळी, ती गाळणीनें अडवितां येते. हा वायु दिसत नाहीं व गाळणींत अडकतहि नाहीं. एक लिटर डिझेलचें वजन सुमारें ८३० ग्रॅम, पण जळतांना त्यांतील कार्बन हवेंतील प्राणवायूशीं संयोग पावून सुमारें २.६ किलो वायु तयार होतो. चिखलणीच्या एका दिवशीं ३० लिटर डिझेल जळलें असें धरिलें, तर जवळजवळ ८० किलो वायु झाला. तो रासायनिक द्रवांत शोषावयाचा, द्रव तापवून मोकळा करावयाचा आणि दाबून टाकींत भरावयाचा. तापविण्यास धुराची फुकट जाणारी उष्णता उपयोगीं पडेल, हें खरें. परंतु दाबण्याचें काम इंजिनासच करावें लागणार, म्हणजे डिझेल आणखी जळणार. शिवाय दाब सोसणारी पोलादी टाकी आंतल्या वायूहूनहि जड. एवढें ओझें घेऊन बांधींत उतरलेला ट्रॅक्टर रुतेल. न रुतला तर तळ दाबून टाकील. धानास घट्ट तळ चालतो, मागाहून पेरलेल्या हरभऱ्याच्या मुळांस तो चालत नाहीं.

आणि भरलेली टाकी न्यावयाची कोठें? जहाजाची गोष्ट निराळी. ‘कोरोना युटिलिटी’ या जपानी कंपनीच्या कोळसावाहू जहाजावर २०२१ सालीं असा प्रयोग झाला. जहाजास ओझ्याची धास्ती नाहीं. आइसलंडांत हा वायु पाण्यांत विरघळवून काळ्या पाषाणांत सोडला असतां दोन वर्षांच्या आंत बहुतेक दगडरूप झाला, असें २०१६ सालीं प्रसिद्ध झालें. तसला पाषाण महाराष्ट्रांत विपुल आहे, पण नागपूरच्या आसपास तो संपतो. वैनगंगेकांठचा आमचा खडक निराळा व पुष्कळ जुना.

पवईच्या आय. आय. टी.स या विषयाचें राष्ट्रीय केंद्र २०२२ सालीं मंजूर झालें. तेथील विद्वानांनीं मौद्याच्या औष्णिक वीजकेंद्रासारख्या, जागच्या जागीं उभ्या असलेल्या धुरांड्यांकडे प्रथम पाहावें. डिझेल वांचविण्यास काश्तकार नाराज नाहीं. २०१९ सालीं सुरू झालेल्या कुसुम योजनेंतून सौर पंप बसवून अनेकांनीं तें करूनहि दाखविलें आहे. परंतु ट्रॅक्टरवर वायु पकडण्याचें यंत्र सक्तीचें करण्याची भाषा निघाल्यास तिला स्पष्ट विरोध झाला पाहिजे. संस्थेच्या येत्या सभेंत तसा ठराव यावा, अशी आमची सूचना आहे.