नाव नाही छापलं, पण गाव कळलं

बातमी साधारण अशी असते. वरती ठळक मथळा, खाली ‘पीडितेचे नाव गुप्त ठेवण्यात आले आहे’ ही ओळ. आणि मग पुढे वाचत जावं तर काय? मुलगी अमुक गावची, नववीत शिकते, वडील एस.टी.त चालक, आई अंगणवाडीत, घर मारुतीच्या देवळामागे. आता सांगा मैत्रिणींनो, पाच हजार वस्तीच्या गावात एवढं कळल्यावर नाव कळायचं काही बाकी राहतं का? मुंबई-पुण्यात एखादवेळी चालून जाईल. आपल्याकडे पेपर घरात पडायच्या आत पाणवठ्यावर, पिठाच्या गिरणीत नाव पोचलेलं असतं.

असं छापणं हा निव्वळ निष्काळजीपणा नाही, तो गुन्हा आहे. हे आपल्यापैकी फार थोड्या जणींना ठाऊक असतं. खरं सांगायचं तर तालुक्याच्या कित्येक वार्ताहरांनाही नसतं.

या कायद्याचं मूळ आपल्याच महाराष्ट्रातलं आहे. 1972 साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. सत्र न्यायालयानं पोलिसांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली आणि 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना पुन्हा निर्दोष ठरवलं. का, तर मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, म्हणजे तिनं विरोध केलेला दिसत नाही! या निकालाविरुद्ध कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर हे ते चौघे. ते पत्र वर्तमानपत्रांनी छापलं, बायका रस्त्यावर आल्या आणि शेवटी 1983 साली कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या बलात्काराला वेगळी, कडक शिक्षा आली. खटला बंद दालनात चालवायची तरतूद आली. आणि भारतीय दंड संहितेत कलम 228 अ आलं, की अशा स्त्रीचं नाव किंवा तिची ओळख पटेल असा कोणताही मजकूर छापला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

गंमत बघा (गंमत तरी कशी म्हणायची?), ज्या मुलीमुळे हे कलम आलं, तिचा खटला आजही तिच्याच नावानं ओळखला जातो. मी ते नाव इथे लिहीत नाही.

1 जुलै 2024 पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. त्यात ही तरतूद कलम 72 मध्ये आहे. मुलगी अठरा वर्षांच्या आतली असेल तर ‘पोक्सो’ कायद्याचं कलम 23 लागतं आणि ते आणखी बारकाईनं लिहिलेलं आहे. नाव, पत्ता, फोटो, घरच्यांची माहिती, शाळा, शेजार, यातलं काहीही देता येत नाही. विशेष न्यायालयानं मुलाच्या हितासाठी परवानगी दिली तरच सूट. शिवाय बातमीदारानं लिहिलं, आमचा काय दोष, असं मालकाला म्हणता येत नाही. प्रकाशक आणि मालकही जबाबदार धरले जातात.

मग वृत्तपत्रस्वातंत्र्याचं काय? आपल्या राज्यघटनेत वृत्तपत्रांसाठी वेगळं कलम नाही. तुम्हाआम्हाला जे बोलायचं-लिहायचं स्वातंत्र्य कलम 19 देतं, तेच संपादकालाही. त्याला सभ्यता, बदनामी, न्यायालयाचा अवमान अशा कारणांसाठी वाजवी बंधनं घालता येतात. 1994 साली तमिळनाडूतल्या ‘ऑटो शंकर’ नावाच्या गुन्हेगाराच्या आत्मचरित्रावरून खटला झाला. तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं वृत्तपत्रांच्या बाजूनं मोठा निकाल दिला. सरकारी दप्तरात जे नोंदलेलं आहे ते छापायला कुणाची परवानगी लागत नाही, असं सांगितलं. पण तिथेच एक अपवाद ठेवला, अत्याचार झालेल्या स्त्रीचं नाव. अमेरिकेत उलट आहे. नाव न्यायालयाच्या उघड कागदपत्रांतून मिळालं असेल तर छापणाऱ्याला शिक्षा करता येत नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 1975 मध्येच ठरवलं. आपली वाट वेगळी आहे आणि मला ती बरी वाटते. तिथली गावं आणि आपली गावं यांत फरक आहे. इथे मुलीचं नाव फुटलं की धाकट्या बहिणीचं लग्नसुद्धा अडतं.

कायदा असूनही पाळला जातो का? 2018 साली कठुआच्या आठ वर्षांच्या मुलीचं नाव आणि फोटो देशभर झळकले. दिल्ली उच्च न्यायालयानं बारा माध्यमसंस्थांना प्रत्येकी दहा लाख रुपये भरायला लावले. त्याच वर्षी 11 डिसेंबरला निपुण सक्सेना खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की नुसतं नाव टाळून भागत नाही. दुरून का होईना, ओळख पटेल असं काहीच देऊ नका. तरी 2024 मध्ये कोलकात्याच्या डॉक्टर मुलीचं नाव, फोटो सगळीकडे फिरलेच. ते काढून टाका, असा आदेश पुन्हा सर्वोच्च न्यायालयालाच द्यावा लागला.

आता एक दुसरी बाजू, आणि माझ्या मते हीच जास्त नाजूक. नाव लपवायचं म्हणजे बातमी लपवायची नव्हे. पण सोयीनं तसा अर्थ काढला जातो. शाळेत काही घडलं की संस्थाचालक म्हणतात, ‘मुलीच्या अब्रूचा प्रश्न आहे, छापू नका.’ अब्रू कोणाची जपायची असते ते त्यांनाच ठाऊक! कायदा मुलीला झाकतो, आरोपीला नाही आणि हात बांधून बसलेल्या पोलिसांना तर मुळीच नाही. आरोपीचं नाव छापायला हे कलम आड येत नाही. मात्र आरोपी घरातलाच, बाप किंवा काका असेल, तर त्याचं नाव दिल्यानं मुलगी ओळखू येते, म्हणून तिथे थांबावं लागतं. आरोपी अल्पवयीन असेल तर त्याचीही ओळख देता येत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुरड्यांची बातमी बाहेर आली, लोक रेल्वे स्टेशनवर उतरले, मुंबई उच्च न्यायालयानं आपणहून दखल घेतली आणि तक्रार नोंदवायला उशीर करणाऱ्या पोलिसांना खडसावलं. ही बातमी दाबली गेली असती तर?

आणि बाईला स्वतःच नाव सांगायचं असेल तर? सज्ञान स्त्रीनं लेखी परवानगी दिली तर नाव छापता येतं. कोलकात्याच्या सुझेट जॉर्डन 2013 मध्ये स्वतःहून पुढे आल्या, ‘पार्क स्ट्रीटची पीडिता’ म्हणून ओळखलं जायला त्यांनी नकार दिला. 2012 च्या दिल्लीच्या घटनेतल्या मुलीच्या आईनं 2015 साली जाहीर सभेत मुलीचं नाव घेतलं, लाज आम्ही का बाळगायची असं विचारलं. तिच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. 2018 च्या निकालानंतर मात्र मुलगी हयात नसेल, तर आईबापांची संमतीही पुरत नाही. ओळख उघड करायची की नाही हे सक्षम अधिकारी, म्हणजे सध्या सत्र न्यायाधीश, ठरवतात. लेकीचं नाव घ्यायला आईनं न्यायाधीशांकडे जायचं, हे मला जरा जाचकच वाटतं.

एक गोष्ट आपल्याला थेट लागू आहे. कायद्यात ‘वृत्तपत्र’ असा शब्द नाही, ‘जो कोणी’ छापेल किंवा प्रसिद्ध करेल असं आहे. भिशीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘हीच ती मुलगी’ म्हणून आलेला फोटो पुढे ढकलणारीही त्यात येऊ शकते.

पेपरात अशी ओळख छापून आलेली दिसली तर आधी संपादकांना पत्र टाकावं. दाद लागली नाही तर दिल्लीच्या प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते, दैनिकाविरुद्ध असेल तर दोन महिन्यांच्या आत. कौन्सिल समज देऊ शकते, ठपका ठेवू शकते, दंड मात्र करू शकत नाही आणि टी.व्ही. तिच्या कक्षेत येत नाही. दंड-कैद हवी असेल तर पोलीस ठाणं. तिथे जायला पाय अडखळत असतील तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जावं. बायकांना तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत.