गाडी माझी, मग चावीचा कोड कोणाचा?



आजची नोंद कांद्याच्या करप्याची नाही, की बटाट्याच्या बेण्याची नाही. आज चावीवर लिहितोय. हसू नका. ज्याच्या दारात दहा-पंधरा वर्षांची जुनी पिकअप, जीप नाहीतर सेकंडहँड कार उभी आहे, त्यानं हे शेवटपर्यंत वाचा.

माझं म्हणणं सरळ आहे. गाडीचे पैसे मी मोजले, आरसी माझ्या नावावर, विमा मी भरतो, टायर मी बदलतो. मग त्याच गाडीला नवी चावी शिकवायला जो कोड लागतो, तो कंपनीच्या कपाटात का? घर बांधून देणाऱ्या गवंड्यानं कुलपाची एक चावी आपल्या करगोट्याला बांधून ठेवली, आणि वर म्हणाला की दुसरी चावी पाहिजे तर मलाच विचारायचं, तर आपण चालवून घेऊ का? गाडीच्या बाबतीत मात्र सगळे गुमान चालवून घेतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी चावीचं सांगतो. या गाड्यांच्या चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी चिप असते. तिला ट्रान्सपॉन्डर म्हणतात. तिला सेल लागत नाही. रिमोटमध्ये जो गोल सेल असतो तो दरवाजे उघडण्यापुरता, तो संपला तरी गाडी चालू होते. स्विचच्या लॉकभोवती तारेचं एक वेटोळं असतं. चावी फिरवली की त्या वेटोळ्यातून लहर निघते, चिप जागी होते आणि आपला नंबर सांगते. इमोबिलायझरची पेटी तो नंबर ताडून बघते आणि ईसीएमला होकार देते. होकार नाही मिळाला तर डिझेल सुटत नाही. बऱ्याच गाड्यांत सेल्फ फिरतो पण गाडी धरत नाही, आणि डॅशबोर्डवर चावीचा नाहीतर कुलपाचा दिवा लुकलुकत राहतो. म्हणजे पातं हुबेहूब घासून आणलं तरी उपयोग शून्य. नवी चिप गाडीला 'शिकवावी' लागते. त्यासाठी स्टिअरिंगखालच्या सॉकेटला मशीन लावायचं आणि बहुतेक गाड्यांत एक गुप्त नंबर टाकायचा. सगळं भांडण त्या नंबराचं आहे.

आता माझा अनुभव, थोडक्यात. माझी पिकअप सेकंडहँड. घेतली तेव्हा पहिल्या मालकाकडं एकच चावी उरली होती. मागच्या उन्हाळ्यात ऐन कांद्यात चावीचं डोकं वापरून वापरून फुटलं आणि चिप कुठंतरी पोत्यांत गेली. पातं शाबूत, गाडी शाबूत, इंजिन ठणठणीत, पण गाडी धरेना. पिशव्या भरलेल्या. टोचन करून गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. नाव लिहीत नाही, कारण दुखणं एका नावाचं नाहीच. आरसी, आधार, विम्याचा कागद, सगळं समोर ठेवलं. उत्तर काय? मॉडेल जुनं आहे, कोड मिळत नाही. ईसीएम, इमोबिलायझरची पेटी आणि लॉकसेट, तिन्ही नवीन घ्या. चौतीस हजार. सामान यायला पंधरा दिवस.

एका दाण्याएवढ्या चिपेसाठी चौतीस हजार! माल भाड्याच्या टेम्पोनं चाकणच्या महात्मा फुले बाजारात पाठवला. पट्टीतून हमाली गेली ती गेलीच, वरून भाडं गेलं. शेवटी एका चावीवाल्या पोरानं गाडीची पेटी खोलली, आतल्या मेमरीतून नंबर वाचला, नवी चिप शिकवली. दीड तास. चार हजार रुपये. दोन चाव्या. म्हणजे जे काम होत नाही म्हणून सांगितलं, ते होतं. फक्त करायचं नव्हतं.

यावर कंपन्यांचं ठरलेलं उत्तर असतं, कोड मोकळे केले तर चोऱ्या वाढतील. हे उत्तर वरवर पटतं, म्हणून ते नीट तपासू.

इमोबिलायझर चांगली वस्तू आहे, हे मी आधीच मान्य करतो. आपल्या जुन्या ट्रॅक्टरची चावी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरलाही लागते, हे गावात कोणाला माहीत नाही? त्यापेक्षा चिप शंभर पटीनं बरी. पण मी कोड चौकात लावा म्हणत नाही. मालकाला द्या म्हणतो. चोर आरसी घेऊन येत नाही, आधार दाखवत नाही, काउंटरवर सही करत नाही. ज्याच्याकडं हे सगळं आहे त्यालाच तुम्ही परत पाठवता, तेव्हा अडतो कोण? मालक.

आणि गुपित ठेवून चोर थांबतो हेही खरं नाही. २०१२ साली संशोधकांनी दाखवून दिलं, की अनेक कंपन्यांच्या गाड्यांत वापरली जाणारी एक चिप काही मिनिटांत फोडता येते. दुसऱ्या एका चिपेचा दोष ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम आणि नेदरलँडमधल्या नाइमेखन विद्यापीठाच्या संशोधकांनी शोधला. तेव्हा ज्या फोक्सवॅगनचा कारखाना आपल्या चाकणात आहे, त्या कंपनीनं २०१३ मध्ये लंडनच्या कोर्टातून तो निबंध छापायला मनाई आणली. शेवटी २०१५ मध्ये तो छापला गेलाच. दोन वर्षं दोष झाकून राहिला, पण गाड्यांतल्या चिपा त्याच राहिल्या. झाकल्यानं कुलूप मजबूत होत नाही, फक्त मालक अंधारात राहतो.

बरं, हे मी एकटा खेड तालुक्यातला दहावी पास माणूस म्हणतोय असं नाही. भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपये दंड ठोकला होता. कशासाठी? सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची मशीनं बाहेरच्या गॅरेजवाल्याला मिळू देत नाहीत म्हणून. ही साधनं खुली करा असं त्या आदेशात होतं. कंपन्या अपिलात गेल्या, प्रकरण लांबलं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक विभागानं 'दुरुस्तीचा हक्क' यावर समिती नेमली. तिच्या यादीत मोटारगाड्या तर होत्याच, शेतीची अवजारंही होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू झालं. पोर्टल चांगलंच आहे. पण पोर्टलनं गाडी धरत नाही. धरायला कायदा लागतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यानं २०२३ मध्ये खास शेती यंत्रांसाठी असा कायदा केला. तिथल्या शेतकऱ्यानं ट्रॅक्टरच्या सॉफ्टवेअरच्या कुलपावर आवाज उठवला तेव्हा तो झाला.

इथं कोणी म्हणेल, आपल्या ट्रॅक्टरला कुठं कोड आहे? आज नसेल. पण १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीवरच्या नव्या ट्रॅक्टरना धुराचे नवे नियम लागले आणि त्याबरोबर कॉमन रेल, सेन्सर, ईसीएम बांधावर आले. जिथं ईसीएम आला तिथं स्कॅनर आला, आणि स्कॅनर आला की कोड कोणाच्या हातात हा प्रश्न आलाच. पिकअप एक दिवस थांबली तर भाड्याचा टेम्पो मिळतो. वाफसा आला असताना ट्रॅक्टर पंधरा दिवस थांबला तर वाफसा थांबतो का? कृषी खात्यातल्या आणि विद्यापीठातल्या साहेबांनी यांत्रिकीकरणाच्या अनुदानाबरोबर हाही विचार मांडावा, एवढी विनंती.

आता चार शब्द आपल्याच लोकांना. काही जण कंटाळून इमोबिलायझर बायपास करतात, नाहीतर चिप काढून लॉकच्या वेटोळ्यापाशी कायमची चिकटवतात. मग साध्या घासलेल्या पात्यानं गाडी चालू होते. स्वस्त पडतं, पण हे म्हणजे दाराला कुलूप लावून चावी चौकटीला टांगणं. गाडी चोरीला गेली तर विमावाले बहुतेक वेळा दोन्ही चाव्या मागतात आणि त्यावरून दावा अडवतात. म्हणून नवी चावी केली की पावती घ्या, त्यावर गाडीचा नंबर लिहून घ्या.

मागण्या अवघड नाहीत. नवी गाडी विकताना कोड बंद पाकिटात मालकाच्या हातात द्या. फियाट आपल्या गाड्यांबरोबर असं कोडकार्ड देत होती, म्हणजे हे करता येतं. जुन्या गाडीच्या मालकानं आरसी आणि ओळखपत्र दाखवलं की ठरलेल्या फीमध्ये, ठरलेल्या दिवसांत कोड मिळाला पाहिजे, मॉडेल कितीही जुनं असो. कंपनी देश सोडून चालली तर कोड सरकारी खात्याकडं जमा झाले पाहिजेत. तळेगावच्या जनरल मोटर्सनं २०१७ अखेर भारतातली विक्री बंद केली. त्या गाड्या आजही आपल्या रस्त्यांवर आहेत, आणि विक्री थांबली की शोरूम किती दिवस टिकतात हे सगळ्यांना कळतं. आणि चावीवाल्यांची नोंदणी करा, त्यांना वही ठेवायला लावा, पण त्यांना चोर समजू नका.

निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, कुरुळी, या गावांच्या वावरांवर हे कारखाने उभे आहेत. जमीन देताना सातबाऱ्यावरचं नाव आम्ही सोडलं. आता ज्याच्यावर आमचं नाव आहे त्या गाडीची चावी तरी पूर्ण आमची असू द्या.

तोवर आपल्या हातात आहे ते करा. घरात एकच चावी असेल तर ती चालतेय तोवरच दुसरी शिकवून घ्या. एक चालू चावी असली की काम सोपं आणि स्वस्त होतं, सगळ्या गेल्या की पेटी खोलावी लागते. सेकंडहँड गाडी घेताना दुसरी चावी आणि कोडकार्ड मागा, नसेल तर तेवढे पैसे कमी करा. चावीसोबत धातूची छोटी पट्टी असते, तिच्यावरचा नंबर वहीत उतरवा. आणि सर्व्हिस सेंटरनं कोड नाकारला तर तोंडी घेऊ नका, लेखी मागा. लेखी नकार हाच उद्या तक्रारीचा कागद होईल.