५९ च्या सरासरीचा गोलंदाज संघात कशासाठी?

१/ "संघात तज्ज्ञच हवेत; थोडी फलंदाजी आणि थोडी गोलंदाजी करणाऱ्यांनी जागा अडवू नये." प्रत्येक संघनिवडीनंतर हे मत नव्याने, त्याच आवेशाने मांडले जाते. ऐकायला ते तर्कशुद्ध वाटते. पण १९७१ सालीच भारतीय संघाने ते मैदानावर खोडून काढले आहे. त्या खंडनाचे नाव एकनाथ सोलकर.

२/ आधी आकडे, तेही आक्षेपकांच्या सोयीचे. २७ कसोटी सामने, १०६८ धावा, सरासरी २५. बळी १८, सरासरी ५९. केवळ या दोन सरासऱ्यांवर निवड करायची, तर मुंबईच्या हिंदू जिमखान्यावरील माळ्याचा हा मुलगा फलंदाज म्हणून अपुरा आणि गोलंदाज म्हणून नापास ठरतो.

३/ आता तिसरा आकडा: त्याच २७ सामन्यांत ५३ झेल. त्यांतले अनेक फॉरवर्ड शॉर्ट लेगला, फलंदाजाच्या पुढ्यात, शिरस्त्राणाविना टिपलेले. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन यांची फिरकी बॅटची कड घेई; पण तो चेंडू हातात विसावला नाही, तर बळीही नाही. फिरकीचा निम्मा धाक तिथे उभ्या असलेल्या माणसामुळे होता.

४/ फेब्रुवारी १९७१, किंग्स्टन. भारत ५ बाद ७५. दिलीप सरदेसाईंच्या २१२ धावा सर्वांना आठवतात, आणि त्या आठवायलाच हव्यात. पण समोर ६१ धावा करून १३७ धावांची भागीदारी उभारणारा सोलकर नसता, तर ते द्विशतक कोणाच्या आधाराने झाले असते? वेस्ट इंडीजवर फॉलोऑनची नामुष्की आली. पुढच्याच कसोटीत, पोर्ट ऑफ स्पेनला, सोलकरने ६ झेल घेतले. भारताने तो सामना जिंकला, आणि मालिकाही.

५/ ऑगस्ट १९७१, ओव्हल. इंग्लंडच्या ३५५ धावांत सोलकरचे ३ बळी, अवघ्या २८ धावांत. भारताच्या २८४ मध्ये त्याच्या ४४. दुसऱ्या डावात चंद्रशेखरने ३८ धावांत ६ गडी टिपले आणि इंग्लंड १०१ वर कोसळले. त्या पडझडीत फ्लेचरचा झेल सोलकरचा. पहिल्या डावात ९० धावा करणाऱ्या नॉटचाही, पुढे झेपावून घेतलेला. भारत ४ गडी राखून जिंकला; इंग्लंडच्या भूमीवरील हा पहिला कसोटी विजय.

६/ त्या संघाची रचना पाहा. नव्या चेंडूने गोलंदाजी केली आबिद अली आणि सोलकर या दोन अष्टपैलूंनी. विशेषज्ञ वेगवान गोलंदाज एकही नाही. म्हणूनच तीन फिरकीपटू एकत्र खेळू शकले आणि फलंदाजीही आठव्या क्रमांकापर्यंत टिकली. सोलकरच्या जागी केवळ वेगवान गोलंदाज घेतला असता, तर एक फलंदाज आणि शॉर्ट लेग गमावला असता. केवळ फलंदाज घेतला असता, तर नवा चेंडू कोणी टाकायचा?

७/ यावर आक्षेप येईल: मग अर्धवट खेळाडूंनीच संघ भरायचा का? मुळीच नाही. दोन्ही बाजूंनी सामान्य आणि क्षेत्ररक्षणात सुस्त अशा खेळाडूला 'अष्टपैलू' म्हणणे ही निवड समितीची पळवाट आहे, आणि तिच्यावर टीका व्हायलाच हवी. कसोटी एवढीच: हा खेळाडू असल्याने संघातील श्रेष्ठ खेळाडूंचे काम सुकर होते का? सोलकर या कसोटीला पूर्ण उतरतो. त्याच्या नावाखाली मागच्या दाराने येणारे अनेक जण उतरत नाहीत.

८/ सरासरी एकट्या खेळाडूची मोजली जाते. सामना अकरा जण मिळून जिंकतात. ओव्हलच्या धावफलकावर नॉटचा बळी वेंकटराघवनच्या नावे आहे, आणि ते न्याय्यच आहे. पण त्याच ओळीत, गोलंदाजाच्या नावाआधी, आणखी एक नाव छापलेले असते. इतिहास वाचणाऱ्याने ती ओळ पूर्ण वाचावी, आणि संघ निवडणाऱ्यानेही.