मागणाऱ्यांनी द्यायलाही शिकावे

१ नोव्हेंबर १९५६ पासून आम्ही सीमावासीय मातृभाषेचा हक्क मागत आहोत. घटनेचे ३५० (अ) कलम आम्हा शिक्षकांना तोंडपाठ आहे. न कळणाऱ्या भाषेतला सरकारी कागद हाती पडला की काय वाटते, हेही आम्ही जाणतो. पण आमच्याच मराठी शाळेत, घरी लमाणी बोलणारी मुलगी वाचताना अडखळते तेव्हा वर्ग हसतो आणि आम्ही गुरुजीही गालात हसतो. शुद्ध मराठी आम्हाला घरातच मिळाली. त्यात आमचे कर्तृत्व कोणते? प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, हे कलम तिच्यासाठीही आहे. निदान पहिली-दुसरीत तिला तिच्या बोलीत उत्तर देऊ द्यावे. समितीने पुढचा ठराव करण्यापूर्वी एवढे आपल्या वर्गात करून दाखवावे.