माफी थकवणाऱ्यांना, वेळेवर भरणाऱ्यांचे काय?

जुलै २०२५ मध्ये छत्रपती संभाजीनगर महापालिकेने ‘शास्ती से आझादी’ नावाची योजना आणली. घरपट्टी-नळपट्टीची मूळ थकबाकी एकरकमी भरा आणि तिच्यावर चढलेल्या शास्तीतून ९५ टक्के माफी घ्या, असा तो सौदा होता. अशा योजनांनी तिजोरीत पैसा येतो, हे खरेच. पण तो कोणाच्या खिशाला झळ लावून येतो, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

तो मांडून पाहू. मुदतीत न भरलेल्या बिलावर दरमहा दोन टक्के शास्ती लागते. एखाद्याने दहा हजारांचे बिल पाच वर्षे थकवले, तर शास्ती होते बारा हजार रुपये. ९५ टक्के माफीनंतर त्यातले उरतात सहाशे. तेच दहा हजार त्याने सहा टक्के सरळ व्याजाने बँकेत ठेवले असतील, तर पाच वर्षांत तीन हजार व्याज मिळाले. म्हणजे कर थकवून गडी चोवीसशे रुपयांनी वर! शेजारच्याने मात्र दरवर्षी न चुकता पावती फाडली. त्याच्या वाट्याला यातले काहीच नाही. दोन-चार वर्षांनी अशी माफी येतेच, हे एकदा ध्यानात आले की थकवणे हाच शहाणपणा ठरतो.

थकबाकीदार सगळे बिलंदर असतात, असे मात्र नाही. अनेकांना बिलच पटलेले नसते. इथे मुद्दा येतो मूल्यांकनाचा. माफीच्या जाहिरातीत त्याचा उल्लेख कधी नसतो.

घरपट्टी ठरते ती करयोग्य मूल्यावर. घर वर्षभर भाड्याने दिले तर वाजवी भाडे किती येईल, याचा अंदाज करायचा, दुरुस्तीपोटी त्यातून दहा टक्के वजा करायचे, आणि उरलेल्या रकमेवर सामान्य कर, मलनिस्सारण, अग्निशमन वगैरे करांची टक्केवारी लावायची. शिक्षण कर राज्य सरकारचा, महापालिका तो फक्त गोळा करते. दुकान वा कारखाना असेल, तर रोजगार हमी करही जोडला जातो. ही सगळी उतरंड त्या एका अंदाजावर उभी असते. पण आपल्या घराचे भाडे कोणी, केव्हा आणि कोणत्या दराने धरले, असे विचारले तर किती घरमालकांना सांगता येईल?

या शहरात तो अंदाज अवघड आहे, कारण शहर एका साच्यात वाढलेले नाही. १९८२ मध्ये महापालिका झाली तेव्हा गुलमंडी, औरंगपुरा, शहागंज ही जुनी वस्ती होती. सिडकोचा आखीव भाग २००६ मध्ये महापालिकेकडे आला. सातारा-देवळाई त्यानंतर आले. शिवाय पुंडलिकनगर, मुकुंदवाडीसारखे भाग, जिथे लोकांनी बाँडपेपरवर प्लॉट घेतले आणि पोटाला चिमटा काढून खोल्या चढवल्या. २००१ चा गुंठेवारी कायदा आणि २०२१ मधली त्याची दुरुस्ती अशा घरांना नियमित होण्याची वाट देतात. पण घराला टॅक्स लागला म्हणजे ते नियमित झाले असे नव्हे. म्हणजे मालक कर भरतो, तरी घरावर टांगती तलवार असतेच.

अशा ठिकाणी ज्या वर्षी टॅक्स लागला त्या वर्षीचाच दर घराला चिकटून राहिला, तर एकाच गल्लीतल्या सारख्या दोन घरांची बिले वेगळी निघणारच. महापालिका अधिनियमाच्या करनियमांत यावर उपाय आहे: मूल्यांकनाची नोंदवही किमान चार वर्षांतून एकदा नव्याने तयार करायची. मूल्य वाढवायचे तर नोटीस द्यायची, हरकतीला २१ दिवस द्यायचे, सुनावणी घ्यायची. त्यानेही समाधान झाले नाही, तर न्यायालयात अपील. मात्र अपिलासाठी आधी कराची रक्कम भरावी लागते. भुसार दुकानदार वा निवृत्त शिक्षक इतक्या लांब जात नाही. तो बिल बाजूला ठेवतो आणि माफीची वाट पाहतो.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मूल्यांकनाचे हे काम काउंटी ऑडिटर करतो आणि तो लोकांनी निवडून दिलेला असतो. तिथे दर सहा वर्षांनी सर्व मालमत्तांचे मूल्यांकन होते, मधे तिसऱ्या वर्षी ते अद्ययावत केले जाते. कोणत्या घराचे मूल्य किती धरले, हे कोणालाही ऑनलाइन पाहता येते. ज्येष्ठांना आणि अपंगांना सवलत आहे, पण ती पात्रतेच्या लिखित अटींवर, मुहूर्त पाहून नव्हे. तिथेही घरांच्या किमती वाढल्या की बिलांवरून ओरड होते. पण भांडायला आकडा तरी समोर असतो.

आपल्याकडेही नियमित सवलतीची उदाहरणे आहेत. मुंबईत १ जानेवारी २०२२ पासून पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ आहे. पुण्यात स्वतः राहणाऱ्या मालकाला १९७० पासून ४० टक्के सवलत होती. लेखापरीक्षणातल्या आक्षेपानंतर ती काढली गेली, लोक चिडले आणि २०२३ मध्ये सरकारला ती परत द्यावी लागली. आपली सवलत कायद्यात नीट बसवलेली नसली, तर ती केव्हाही जाते, हे पुणेकरांनी अनुभवले.

एप्रिल २०२० पासून जवळपास सहा वर्षे संभाजीनगरात प्रशासकराज होते. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीने सभागृह परत आले. दरवर्षी २० फेब्रुवारीपर्यंत कराचे दर ठरवणे हे त्याचेच काम. त्याने पुढच्या शास्तीमाफीचा विचार करण्याआधी प्रत्येक मालमत्तेचे क्षेत्रफळ, वापर आणि धरलेला भाडेदर वॉर्डनिहाय संकेतस्थळावर टाकायला प्रशासनाला भाग पाडावे. स्वतः राहणाऱ्याला, छोट्या घराला आणि वेळेवर भरणाऱ्याला सवलत हवी असेल, तर तसा ठराव करून राज्याची मंजुरी आणावी. आणि माफी द्यायचीच असेल, तर ती आधी त्यांना द्यावी, ज्यांचे मूल्यांकन महापालिकेकडूनच चुकले आहे.