पडद्यावरील प्रात्यक्षिक कोणासाठी?

काशीच्या राजा घाटाशी अमृतराव पेशव्यांचे नाव निगडित आहे. १८०३ नंतर ते तेथे येऊन राहिले होते. पावसाळ्यात गंगा चढते, उन्हाळ्यात उतरते. परंतु पाणी कोठेही असो, त्याच्या कडेला एखादी पायरी असतेच. संगणक अथवा एखादे उपकरण वापरण्यास शिकविणाऱ्या चित्रफितीची रचनाही अशीच असावयास हवी. शिकणारा जेथे असेल, तेथे त्याला पाऊल टेकावयास जागा मिळाली पाहिजे.

पुष्कळ चित्रफितींत नेमके याच्या उलट घडते. तज्ज्ञाचा हात सराईतपणे चालतो, पडद्यावरील बाण इकडून तिकडे धावतो आणि पाहणारा थक्क होतो. परंतु थक्क होणे म्हणजे शिकणे नव्हे. सवयीने कुशल हाताला स्वतःच्या कृतीतील लहान टप्पे दिसेनासे होतात, आणि नवशिका अडतो तो तेथेच. वर्गात तो हात वर करून शंका विचारू शकतो; चित्रफितीला ती विचारता येत नाही. आडगावी एकट्याने शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रयत्न मग अर्ध्यावरच सुटतो.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘स्पोकन ट्युटोरिअल’ प्रकल्पाने यावर योजलेला उपाय अनुकरणीय आहे. तेथे प्रथम संहिता लिहिली जाते, विषय न जाणणाऱ्या नवशिक्याकडून ती तपासली जाते, आणि मगच ध्वनिचित्रमुद्रण होते. पाठ साधारणतः १० मिनिटांचा असतो. विद्यार्थी पडद्याच्या एका बाजूस पाठ पाहतो, तो थांबवितो, आणि तीच कृती दुसऱ्या बाजूस स्वतः करतो. निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहे. पडद्यावरील इंग्रजी शब्द मात्र तसेच ठेवलेले आहेत.

हे अर्धेच भाषांतर झाले, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु पुढे कचेरीत वा प्रयोगशाळेत त्याच विद्यार्थ्याचा संबंध बहुधा इंग्रजी पडद्याशीच यावयाचा असतो. आकलन मातृभाषेतून व्हावे आणि ओळख प्रत्यक्ष कामातील शब्दांशी व्हावी, ही विभागणी व्यवहार्य होय.

तेव्हा प्रात्यक्षिकाची पारख निवेदकाच्या आवाजावरून किंवा चित्राच्या झगमगाटावरून करू नये. शाळेने अथवा ग्रंथालयाने चित्रफीत निवडण्यापूर्वी ती एका अनभिज्ञ व्यक्तीस दाखवावी आणि तीच कृती तिला करावयास सांगावे. तिचा हात जेथे थांबेल, तेथे एक पायरी बांधावयाची राहिली आहे, असे समजावे.